मामाजींचा पंधरवडा

भाद्रपदाची पौर्णिमा सरली की भंडाऱ्याचा भांडेबाजार तोंड पाडून बसतो. पितृपक्षात कोणी नवं भांडं घरात आणत नाही, साधी पळीसुद्धा नाही. दुकानदार गल्ल्यावर बसून माशा मारतात, जांभया देतात आणि सर्वपित्री अमावास्या एकदाची कधी उलटते याची वाट पाहतात. या सगळ्या सुतकी चेहऱ्यांमधून एकच माणूस दाढी घोटून, पांढरेशुभ्र कपडे घालून, खांद्याला पिशवी लावून वरठीच्या स्टेशनाकडे निघालेला असायचा. ते आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात. गावाला पितरांना जेवू घालायची घाई आणि यांना गाडी गाठायची.

मामाजींना प्रवासाची आवड होती असं लोक म्हणत. आवड लोणच्याची असते. मामाजींना प्रवास लागायचा, जसा काहींना तंबाखू लागतो. आणि असा माणूस नेमका पितळी भांड्यांच्या दुकानात जन्माला आला. तुळशीचं लग्न लागलं की आंदणाची भांडी सुरू होतात, ती थेट पावसाळा तोंडावर येईपर्यंत: पाणी भरायचे पितळी गुंड, पसरट कोपर, परात, समई. मग पोळा, गणपती, गौरी. पितृपक्ष संपला की दसरा आणि धनत्रयोदशी. जग उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जायचं तेव्हा मामाजी कोण्या वधुपित्याला गुंडाची जाडी वाजवून दाखवत असायचे. वर्षाच्या या सगळ्या गर्दीत मोकळी फट एकच, पितृपक्षाची. "बाकी वरीस जित्यायचं आहे, सूनबाई," ते म्हणायचे. "हे पंधरा दिवस मेलेल्यायनं मले देल्ले."

वडिलांचं श्राद्ध मात्र ते चुकवत नसत. षष्ठीची तिथी जिथे गाठेल तिथे, जी नदी समोर येईल तिच्या काठावर ते पान वाढायचे. त्यांच्या वडिलांनी जिवंतपणी नागपूरच्या पलीकडे पाय टाकला नव्हता. मेल्यावर त्यांनी कावेरी पाहिली, नर्मदा पाहिली, ब्रह्मपुत्रासुद्धा पाहिली. शेजारच्या दुकानातल्या एका वडीलधाऱ्यांना हे बिलकूल पटत नसे. एकदा त्यांनी चारचौघांत विचारलं, "काहून हो, तिकडच्या कावळ्याले मराठी समजते का?" मामाजी म्हणाले, "बाबूजीले भूक समजत होती. कावळ्याले बी तेच समजते." त्यानंतर दर वर्षी कोणती नदी झाली हे विचारायला तेच गृहस्थ सगळ्यांच्या आधी यायचे.

खरी अडचण उरलेल्या साडेअकरा महिन्यांची होती. त्यातला पहिला आठवडा तसा निभायचा, कारण शरीर परत आलं तरी मामाजी परत आलेले नसत. केरळातून आले तर मान आडवी हलवून होकार द्यायचे आणि गिऱ्हाईक 'नको म्हणतात' असं समजून निघून जायचं. राजस्थानातून आले तर आठवडाभर प्रत्येकाला 'पधारो' चाललेलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या स्वयंपाकघरातूनच सांगायच्या, "सामान आलं आहे. माणूस मांगच्या गाडीनं येऊन राहिला." मग हळूहळू माणूस यायचा आणि आला की त्याचं तोंड पाहवत नसे.

श्रावणापासून त्यांचं चित्त पुन्हा उडायला लागायचं. भांड्यांवर नाव घालायची मशीन ते स्वतः चालवायचे आणि अक्षर इतकं वळणदार की लोक पवनीहून त्यासाठी यायचे. पण पितृपक्ष महिन्यावर आला की त्या हाताचा भरवसा नसे. एका वर्षी दिवाळीनंतर लग्न ठरलेल्या एका मुलीच्या आगाऊ घेतलेल्या गुंडावर 'सौ. छाया' असं घालायचं होतं, तिथे त्यांनी सुबक अक्षरांत 'सौ. डेहराडून' घालून दिलं. वधुपिता भर दुकानात संतापला. मामाजींनी मुकाट्याने नवा गुंड काढून दिला आणि जुना घरी आणला. आत्याबाईंनी तो घासून पुसून पाण्यासाठी ठेवला. आमच्याकडे आजही पाहुण्यांना डेहराडूनचं पाणी मिळतं.

पौषात मागचा प्रवास विरून गेलेला असायचा आणि पुढचा नजरेतही नसायचा. तेव्हा मामाजींना ताटात वाढलेलं जेवण उतरत नसे. मग ते आत्याबाईंकडून पुऱ्या, कोरडी आलूची भाजी आणि मिरचीचं लोणचं कागदात बांधून घ्यायचे आणि पुढच्या खोलीत गुंडाळलेल्या वळकटीला टेकून, खिडकीशी बसून मांडीवर खायचे. आत्याबाई चुलीपुढून उठून, घराला वळसा घालून, बाहेरून खिडकीपाशी यायच्या आणि ओरडायच्या, "चाय गरम, चाय! कोणतं स्टेशन आहे, भाऊ?" मामाजी गजांतून हात बाहेर काढून कप घ्यायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "साखर कमी आहे वो बाई." मी नवी सून म्हणून आले तेव्हा हे नाटक पाहून मला वाटलं, मी वेड्यांच्या घरात पडले. पुढे मीच आत्याबाईंना सुचवलं की समोसेही विकायला आणा.

दर आठवड्याच्या सुट्टीला मात्र ते घरात थांबत नसत. सकाळी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर जायचं, जी गाडी आधी निघेल तिच्यात बसायचं, ती संपेल तिथे उतरायचं, चहा प्यायचा आणि त्याच गाडीनं परत. कधी तुमसरपलीकडे नाकाडोंगरी, कधी साकोली, कधी पवनीकडे. "कोणाकडे गेले होते?" "कोणाकडेच नाही." भंडाऱ्यासारख्या गावात या उत्तराने माणसाच्या चारित्र्याबद्दल शंका निघते, आणि निघालीही. कोणी म्हणे यांची तिकडे शेती आहे, कोणी म्हणे शेती नाही, दुसरं काही आहे. आत्याबाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दुसरं काही असतं तं परतीच्या गाडीनं येते का माणूस?"

अशाच एका सुट्टीत ते आसगावला उतरले, आणि आसगाव हे माझं माहेर. त्या दिवशी मला पाहायला ब्रह्मपुरीकडून मुलाचे वडील येणार होते. माझा काका थांब्यावर उभा होता. गाडीतून पांढऱ्या कपड्यातला, खांद्याला पिशवी लावलेला, भारदस्त दिसणारा एकच अनोळखी माणूस उतरला आणि इकडे तिकडे पाहू लागला. काकाने हात जोडले, "या जी, तुमचीच वाट पाहून राहिलो." मामाजींचा प्रवासातला एक नेम होता: कोणी 'या' म्हटलं की जायचं, कशाला ते नंतर कळतं. ते आले. ओसरीवर पाय धुतले, गादीवर बसले आणि पोहे आले तसे खायला लागले.

मी साडी सावरत चहा घेऊन गेले. स्वयंपाक, शिक्षण, शिवणकाम या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या आईनं घोटून घेतली होती. या माणसानं त्यातलं एकही विचारलं नाही. बशीत चहा ओतत म्हणाले, "पोरी, हा रस्ता पुढे कुठी जाते?" मी म्हटलं, "नदीवर." "तू गेली होती का तिथवर?" "हो." "अन् नदीच्या पल्याड?" मला राग आला. धानाच्या बांधीत चिखल तुडवून, कॉलेज करून, पाहुण्यांपुढे खाली मान घालून बसलेल्या मुलीला हे विचारायचं? मी मान वर करून म्हटलं, "नाही गेली. कोणी नेलं नाही अन् मले जायची हौस बी नाही." आईनं दाराआडून डोळे वटारले. मामाजी मात्र खूश होऊन आणखी पोहे मागते झाले.

तेवढ्यात दाराशी जीप थांबली आणि तिच्यातून खरे पाहुणे उतरले. आपल्या जागी दुसरंच कोणी बसून पोहे खातंय हे पाहून त्यांचे चेहरे जे झाले, ते मी कधी विसरणार नाही. "एक पोरगी दोघायले एकाच वेळी दाखवता?" असं म्हणून ते चहाही न घेता आल्या पावली परत फिरले. वडील काकावर तुटून पडले, काका मामाजींवर. "तुम्ही सांगतलं काहून नाही, तुम्ही ते नाही म्हणून?" मामाजी हात धुऊन शांतपणे उभे राहिले. "तुम्ही विचारलं नाही, मी सांगतलं नाही. चूक माहीच आहे. पण आता असं आहे, की लग्नाचा एक पोरगा माह्या घरी बी आहे." मग दुकान विचारलं गेलं, घर विचारलं गेलं आणि जात विचारली गेली. मामाजींचे आजोबा शेती सोडून धंद्यात आलेले, त्यामुळे ती जुळली. नाहीतर हा मजकूर पोह्यांवरच संपला असता. माझ्या आंदणाची भांडी वडिलांनी त्यांच्याच दुकानातून घेतली आणि ती वाजतगाजत त्यांच्याच घरी परत गेली.

माझे यजमान प्रशांत हे या माणसाचे चिरंजीव आहेत यावर विश्वास बसत नाही. त्यांना दुकान, हिशेब आणि दुपारची झोप एवढंच लागतं. वडिलांचा जीव रमावा म्हणून त्यांनी मोबाइलवर प्रवासाचे व्हिडिओ लावून दिले. कोणी तरी पोरगा बर्फात उभा राहून मोठमोठ्याने बोलत होता. मामाजींनी थोडं पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "तो जेवून राहिला, अन् ढेकर मी देऊ का?" ज्या वर्षी अधिक महिना यायचा त्या वर्षी तर त्यांच्या वाटेला जायची सोय नसे. अख्खं गाव जावयांसाठी पितळी ताटं आणि दिवे घ्यायला लोटलेलं, गल्ला भरलेला आणि मामाजी पंचांगाकडे खुनशी नजरेनं पाहत बसलेले. "जावयायच्या अनारशापायी माही गाडी महिनाभर लेट केली," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत.

या सगळ्यात आत्याबाई कुठे, असं कोणी विचारलं तर घरातल्या कोणीही एका दमात उत्तर दिलं असतं: त्यांना गाडी लागते. लग्न लावून नाकाडोंगरीहून भंडाऱ्याला येताना त्या एसटीत इतक्या ओकल्या होत्या की मामाजींचा लग्नाचा कोट पुढे कोणाच्याच कामाचा राहिला नाही. त्या दिवसापासून हा घरचा कायदा झाला. माहेरीसुद्धा त्या मुठीत लिंबू धरून, डोळे मिटून, वर्षातून एखाद्या वेळी जायच्या. मामाजी दर वर्षी निघताना दारात विचारायचे, "काय आणू?" त्या म्हणायच्या, "स्वतःले आणा." मग वळून दाराला कडी घालायच्या. मी कधी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. मलाच घर प्रिय, म्हणून मला वाटायचं की त्यांनाही असेल.

एका फाल्गुनात मामाजींना झटका आला. नागपूरला नेलं, स्प्रिंगा टाकल्या, आणि डॉक्टरांनी बजावलं की एकट्याने फिरणं बंद. त्या वर्षी पितृपक्षात दुकान रिवाजाप्रमाणे ओस पडलं आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की हा माणूस या पंधरवड्यात घरी असणं म्हणजे काय असतं. त्यांनी विकायच्या सगळ्या समया चिंच लावून घासल्या. मग पुन्हा घासल्या. श्राद्धाला आलेल्या भटजींशी मंत्राच्या वेगावरून भांडले. वरठीच्या बाजूने वाऱ्यावर गाडीचा आवाज आला की जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे. आम्हाला सगळ्यांना धास्ती होती की झटक्याने जे केलं नाही ते हा पंधरवडा करेल.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला आत्याबाईंनी जेवताना जाहीर केलं, "ह्या वर्षी मी जातो ह्यायच्यासंगं." प्रशांतच्या हातून वाटी निसटली. "आई, तुले गाडी लागते!" "लागू दे. ह्यायचं हृदय अन् माही उलटी, दोन्ही मीच सांभाळीन. घरात समया घासून मेले तं कोणत्या नदीवर पान वाढू?" सोबत तरणं माणूस हवं, म्हणून माझी रवानगी झाली. मी जायला तयार नव्हते हे कोणी ऐकूनच घेतलं नाही. आत्याबाईंनी समुद्र पाहायचा म्हटलं, म्हणून जगन्नाथपुरी ठरली.

त्यांची तयारी पाहण्यासारखी होती. लिंबं, लवंगा, आलेपाक, जुने टॉवेल आणि घरात साठलेल्या झाडून सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. वरठीला गाडीत चढताच त्यांनी पदर तोंडाला लावला, लिंबू नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मी पिशवी उघडून तयार बसले. मामाजी दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली घेऊन. गाडी हलली. तुमसर रोड गेलं, गोंदिया गेलं, काही झालं नाही. आत्याबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग लिंबू माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "सरक जराशीक, मले खिडकीत बसू दे."

त्यानंतर त्या खिडकीतून हलल्या नाहीत. जे विकायला आलं ते त्यांनी घेतलं: चने, पेरू, कटलेट, पुन्हा चहा. डोंगरगढचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचं देऊळ दिसलं तेव्हा त्या काचेला नाक लावून पाहत राहिल्या. मग मागे न वळताच मामाजींना विचारलं, "हे तुम्ही कितींदा पाहिलं?" "लय वेळा." "मले सांगतलं नाही." "सांगतलं होतं ना वो." "सांगतलं होतं. दाखवलं नोतं." बस लागते, रेल्वे लागत नाही, एवढंच होतं. आत्याबाई आजवर रेल्वेत बसल्याच नव्हत्या आणि एका एसटीवरून अख्ख्या घरानं निकाल देऊन टाकला होता. मी हसायला लागले होते, पण मामाजींकडे पाहिलं आणि थांबले. ते बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते.

पुरीला आत्याबाई गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली की ओरडायच्या, लाट परत गेली की तिला शिव्या द्यायच्या. साठी ओलांडलेली बाई, केसांत वाळू, लुगडं चिंब. बाहेर या म्हटलं की ऐकेनात. मामाजी वाळूवर बसून समुद्राकडे पाहत नव्हते, त्यांच्याकडे पाहत होते. त्या माणसाने अर्धा देश पायाखाली घातला होता, पण एवढं मन लावून पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. मान आडवी हलली नाही, परक्या भाषेतलं काही तोंडातून निघालं नाही. बाजारातले लोक विचारून थकले. मी दुकानात डबा घेऊन गेले तेव्हा ते एकटेच होते. म्हणाले, "सूनबाई, मी एवढे वर्ष वाट पाहाची म्हणजे लय मोठं दुःख समजत होतो. वरीसभर वाट पाहिली, पंधरा दिवस भेटले. इचं काय? इचे तं पंधरा दिवस बी वाट पाहण्यातच गेले." त्यांनी डबा उघडला, पुन्हा लावला. "आता समदं पहिलेपासून पाहा लागते. ती खिडकीत बसंल, मी इकडच्या बाजूनं. अन् पितृपक्षाची वाट पाहाले टाइम नाही."

आणि त्यांनी बाजाराला हादरवणारी गोष्ट केली. माघात, भर लग्नसराईत, रामेश्वरची तिकिटं काढली. प्रशांत दोन दिवस घरात पाय आपटत फिरले. "सीझनमध्ये दुकान सोडून कोणी जाते का, बाबा?" "मी जातो," मामाजी म्हणाले. आत्याबाई तेव्हापासून रोज संध्याकाळी पिशवी भरायच्या आणि रोज सकाळी काही तरी राहिलं म्हणून रिकामी करायच्या.

गाडीला चार दिवस उरले असताना मामाजी सकाळी दुकानात गेले, शटर वर केलं, एका वधुपित्याला गुंड वाजवून दाखवला आणि गल्ल्याला टेकून बसले ते बसलेच. बाहेर आंदण घेणाऱ्यांची रीघ लागलेली. भर सीझनमध्ये दुकान सोडून जातो म्हणाले होते, तसे गेले. हे मी आज हसून लिहिते आहे. त्या दिवशी मी चारचौघांत ओक्साबोक्शी रडले. मला माझ्या वडिलांइतका जीव लावला होता त्यांनी. आत्याबाई मात्र लोकांच्या देखत रडल्या नाहीत. त्यांना बाहेर आणून बसवलं तेव्हा मामाजींच्या चेहऱ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "गेले ना पुन्हा एकटेच."

यंदा पितृपक्ष लागला आणि बाजार तोंड पाडून बसला. आत्याबाई म्हणाल्या, "रामेश्वर राहिलं आहे." घरात एकच गिल्ला झाला. वर्ष सरलं नाही, वर्षाच्या आत तीर्थाला जात नाहीत, असं भटजींनी सांगितलं, नणंदेनं सांगितलं, बाजारातल्या वडीलधाऱ्यांनी मुद्दाम घरी येऊन सांगितलं. आत्याबाईंनी सगळ्यांना चहा दिला. "तीर्थाले कोण चाललं? मी फिराले चालली," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तू येतं का मी एकटी जाऊ?" मी बॅग काढली.

दुपारची गाडी होती. निघायच्या आधी मी भिंतीवरची मामाजींची तसबीर उतरवली, हार बाजूला केला, टॉवेलात गुंडाळली आणि आत्याबाईंच्या पिशवीत कपड्यांमध्ये नीट बसवली. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांनी पिशवी उचलली, वजन जाणवलं तशी उघडली आणि टॉवेल सोडला. तसबिरीकडे थोडा वेळ पाहिलं, पदरानं काच पुसली आणि स्टुलावर चढून ती परत खिळ्याला लावली. "राहू दे त्यायले घरीच. मांगं राहणं कसं असते, ते बी पाहू दे."

दाराला कुलूप घालून आम्ही ऑटोत बसलो. प्रशांत आम्हाला सोडायला पुढे बसले होते. ऑटो सुरू झाला आणि आत्याबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब रे बाबा, थांब." त्या उतरल्या, चावी मागितली, कुलूप उघडून आत गेल्या. काही राहिलं असेल म्हणून मी मागे गेले. त्यांनी पुढच्या खोलीतला दिवा लावला होता, भर दुपारी, आणि देवळीतला जुना रेडिओ पिळून पिळून कोणतं तरी गाणं लागेपर्यंत त्या तिथेच वाकून उभ्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, गाडी." त्या तसबिरीकडे न पाहता म्हणाल्या, "चालू राहू दे. मांगं राहणाऱ्याले घर लय मोठं होते वो." मग डोळे पुसून त्यांनी दार ओढून घेतलं आणि आम्ही निघालो.